‘पिएर क्यूरी’ या चरित्रग्रंथातील स्फटिक : दाबविद्युतीच्या शोधकथेची चिकित्सा

शास्त्रज्ञाचे चरित्र त्याच्या पत्नीने लिहावे आणि ती पत्नीही त्याच्याच तोलाची शास्त्रज्ञ असावी, असा योग ग्रंथव्यवहारात विरळाच येतो. मेरी क्यूरी यांचा ‘पिएर क्यूरी’ हा ग्रंथ न्यूयॉर्कच्या मॅकमिलन प्रकाशनाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर शार्लट व व्हर्नन केलॉग या दांपत्याने केले होते. ग्रंथाची प्रकरणे सात. अमेरिकी आवृत्तीत त्यांच्या पाठोपाठ लेखिकेची आत्मचरित्रात्मक टिपणेही जोडलेली आहेत. शंभर वर्षांत हा ग्रंथ मुख्यतः दोन कारणांसाठी वाचला गेला : रेडियमच्या शोधाची हकीगत म्हणून आणि एका असामान्य सहजीवनाचे चित्रण म्हणून. या दोहोंच्या मध्ये दुसरे प्रकरण झाकोळून गेले आहे. पिएर यांच्या तारुण्यातील स्वप्ने आणि दाबविद्युतीचा शोध हा या प्रकरणाचा विषय आहे. साहित्याचा वाचक ही पाने ‘शास्त्रीय’ म्हणून ओलांडून जातो, तर विज्ञानाचा वाचक त्यांतील मजकूर पूर्वीपासून परिचित म्हणून. वस्तुतः या प्रकरणात एक ठाम विधान आहे. ते विधान पुढे असंख्य ग्रंथांत व व्याख्यानांत शिरले आणि आजही महाविद्यालयीन अध्यापनात जवळजवळ स्वयंसिद्ध मानले जाते. क्यूरी बंधूंना लागलेला शोध हा योगायोग नव्हता, स्फटिकांच्या सममितीविषयीच्या चिंतनातून त्यांना या घटनेची शक्यता आधीच दिसली होती, असे लेखिका सांगतात. हे विधान मूळ पुराव्याशी कितपत जुळते आणि चरित्रलेखिकेने ते का केले असावे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी विषयाचा अल्प परिचय आवश्यक आहे. विशिष्ट स्फटिकांवर विशिष्ट दिशेने दाब दिला असता त्यांच्या समोरासमोरच्या पृष्ठभागांवर विरुद्ध प्रकारचे विद्युत्‌ भार उत्पन्न होतात आणि दाब काढून ताण दिला की भारांची चिन्हे उलटतात. मराठीत यास दाबविद्युत अशी सुटसुटीत संज्ञा रूढ आहे. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याच्या लायटरमध्ये खटका दाबताच उडणारी ठिणगी याच गुणधर्माची असते, मात्र तेथे नैसर्गिक स्फटिकाऐवजी भाजून तयार केलेला सिरॅमिक तुकडा वापरतात. ‘पिएझोइलेक्ट्रिसिटी’ हे नाव शोधकर्त्यांनी दिलेले नाही. ते १८८१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म हांकेल यांनी सुचविले. ग्रीक क्रियापदावरून घेतलेले हे नाव आणि त्याचा मराठी पर्याय या दोहोंत एक उणीव आहे, हे जाता जाता नोंदवावयास हवे. केवळ ‘दाब’ पुरेसा नसतो. क्वार्ट्झच्या स्फटिकावर सर्व बाजूंनी सारखा दाब दिला, तर त्यावर मुळीच भार उत्पन्न होत नाही. दाबाची दिशा आणि स्फटिकाचे अक्ष यांचे नाते येथे निर्णायक असते. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

१८८० चे मूळ टिपण

झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी आपला शोध १८८० मध्ये जाहीर केला. पिएर तेव्हा एकवीस वर्षांचे होते व सोरबॉनमध्ये देसें यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करीत होते. वडीलबंधू झाक हे शार्ल फ्रीदेल यांच्या खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर झालेल्या टिपणाच्या शीर्षकाचा मराठीत आशय असा देता येईल : कलत्या फलकांच्या अर्धफलकीय स्फटिकांत दाबामुळे निर्माण होणारी ध्रुवीय विद्युत. शीर्षक बोजड खरे, पण ते नीट वाचणे आवश्यक आहे. ज्या स्फटिकांत भूमितीच्या दृष्टीने संभवणाऱ्या फलकांपैकी निम्मेच फलक प्रकट होतात, त्यांस अर्धफलकीय म्हणतात. त्यांतही चतुष्फलकाप्रमाणे ज्यांच्या एकाही फलकासमोर त्याला समांतर असा जोडीदार नसतो, ते ‘कलत्या फलकांचे’. म्हणजे सममितीचा एक विचार शीर्षकातच आहे, हे मान्य केले पाहिजे. मेरी क्यूरी यांचे विधान निराधार आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.

परंतु शीर्षकातून आत गेल्यावर चित्र पालटते. टिपणाचा आरंभ होतो तो तापविद्युतीपासून. काही स्फटिक तापविले अथवा थंड केले असता त्यांच्या टोकांवर विद्युत्‌ भार येतात, हे त्या काळी पूर्वज्ञात होते. तोरमल्ली म्हणजे टुर्मलीन हे रत्न अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून युरोपात नेले. गरम निखाऱ्याजवळ ते राख ओढून घेते, या गमतीमुळे ते प्रसिद्धीस आले. १७५६ मध्ये एपिनुस यांनी ही करामत विद्युतीची असल्याचे दाखविले. क्यूरी बंधूंची वैचारिक पायरी पुढीलप्रमाणे होती. थंड होताना स्फटिक आकुंचन पावतो. तापविद्युत जर या आकुंचनातूनच येत असेल, तर तेच आकुंचन दाबाने घडविल्यास तीच विद्युत मिळावयास हवी. प्रयोगांती तसेच आढळले. थंड करताना जे टोक धन होई तेच टोक दाबल्यावरही धन झाले आणि दाब काढल्यावर स्फटिक तापविल्याप्रमाणे वागला.

या प्रयोगासाठी त्यांनी निवडलेले स्फटिक पाहण्यासारखे आहेत. झिंक ब्लेंड, सोडियम क्लोरेट, बोरासाइट, तोरमल्ली, क्वार्ट्झ, कॅलामाइन, पुष्कराज, टार्टारिक आम्ल, उसाची साखर आणि रोशेल लवण. निवडीमागील सूत्र कोणते? ज्या स्फटिकांत तापविद्युत आढळते अथवा आढळते असे मानले जाई, त्यांकडे बंधू वळले. येथे झाक यांचे वरिष्ठ फ्रीदेल यांचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. १८७९ मध्ये, म्हणजे अवघ्या एक वर्ष आधी, फ्रीदेल यांनी पुष्कराज, झिंक ब्लेंड आणि क्वार्ट्झ यांच्या तापविद्युतीवर लेख प्रसिद्ध केला होता. ज्या प्रयोगशाळेत झाक रोज वावरत होते, त्याच प्रयोगशाळेतील हे ताजे काम होते.

आता खरी मौज अशी, की या तिघांपैकी झिंक ब्लेंड आणि क्वार्ट्झ हे तापविद्युतीय नाहीतच. क्वार्ट्झ सर्वत्र सारख्या प्रमाणात तापविला तर त्यावर भार येत नाही. सर्व बाजूंनी सारखा दाबला असता तो जसा स्तब्ध राहतो तसाच तो येथेही राहतो. दोन्हींचे कारण एकच, ते म्हणजे त्याच्या अक्षांची रचना. फ्रीदेल यांनी स्फटिकाच्या एका भागावर तापलेला धातूचा गोलार्ध टेकवून निरीक्षणे केली होती. त्यामुळे स्फटिक विषम रीतीने तापला, त्याच्या आत ताण निर्माण झाले आणि त्या ताणांनी विद्युत उत्पन्न केली. म्हणजे फ्रीदेल यांना नकळत दाबविद्युतच दिसत होती आणि ते तिला तापविद्युत म्हणत होते. १८८३ मध्ये राँटगेन यांनी क्वार्ट्झविषयी हा उलगडा केला. क्यूरी बंधू ज्या यादीच्या आधाराने निघाले, ती यादी अशा प्रकारे अंशतः सदोष होती. त्यांचे मूळ गृहीतकही पूर्णतः टिकले नाही. तापविद्युत ही सर्वस्वी आकुंचन-प्रसरणातून येते काय, हा प्रश्न वोल्डेमार फोक्ट यांनी १८९८ मध्ये तपासला. तोरमल्लीत तिचा मोठा हिस्सा तसा येतो, पण सर्व नाही, असे निष्पन्न झाले.

एका अर्धसत्य गृहीतकातून आणि एका सदोष यादीतून विज्ञानाच्या इतिहासातील एक निर्दोष शोध निघाला. ही हकीगत ‘पिएर क्यूरी’ या ग्रंथात नाही. विज्ञानेतिहासकार शौल कात्झीर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दाबविद्युतीच्या आरंभकाळावरील ग्रंथात या शोधाचे मूळ तापविद्युतीच्या चर्चेत दाखविले आहे. या शोधाला त्यांनी लावलेले विशेषणही बोलके आहे : नित्याचे भौतिकशास्त्र. क्रांतीचा आव नसलेले, चालू प्रश्नांच्या ओघात घडलेले. चरित्रातील शोध मात्र चिंतनाच्या उंचीवरून अवतरतो.

सममिती काय सांगते, काय सांगत नाही

चरित्रलेखिकेच्या विधानाला तर्काच्या बाजूनेही तपासणे शक्य आहे. ज्या रचनेत सममिती-केंद्र आहे, म्हणजे ज्यातील प्रत्येक बिंदूला केंद्राच्या पलीकडे नेमका जोडीदार आहे, तिच्यात दाबाने विद्युत्‌ ध्रुव निर्माण होऊ शकत नाहीत. एका टोकाने धन व्हावे आणि दुसऱ्याने ऋण, असा पक्षपात करण्यास अशा रचनेत कारणच नसते. स्फटिकांच्या बत्तीस वर्गांपैकी एकवीस वर्गांत सममिती-केंद्र नाही. त्यांपैकी वीस वर्गांत दाबविद्युत संभवते. उरलेल्या एका घनीय वर्गात केंद्र नसूनही इतर सममितींमुळे ती संभवत नाही. येथे ‘संभवते’ हा शब्द अधोरेखित करावा लागतो. सममितीचा नियम निषेधाचा नियम आहे. कोठे होणार नाही हे तो निश्चयाने सांगतो, कोठे होईलच आणि किती होईल हे सांगत नाही. क्वार्ट्झवर एक न्यूटन बल दिल्यास सुमारे २.३ पिकोकुलोम भार का मिळावा, याचे उत्तर सममितीपाशी नाही. शक्यता ‘आधीच दिसली’ या शब्दप्रयोगाला म्हणूनच मर्यादा आहे. दार बंद नाही एवढेच सममितीने दाखविले असते. दारापलीकडे काही आहे ही आशा तापविद्युतीने दिली.

याची एक कसोटी इतिहासानेच पुरविली आहे. स्फटिकावर विद्युत्‌ दाब दिल्यास त्याचे आकारमान बदलेल, हा उलटा परिणाम क्यूरी बंधूंनी प्रथम सुचविला नाही. तो १८८१ मध्ये गाब्रिएल लिपमान यांनी ऊष्मागतिकीच्या युक्तिवादातून काढला आणि बंधूंनी त्याच वर्षी प्रयोगाने त्याची खातरजमा केली. शोध खरोखर सममितीच्या सर्वंकष तत्त्वातून निघाला असता, तर हा दुसरा निष्कर्ष त्यांच्या हाताशीच होता, कारण सममितीच्या दृष्टीने दोन्ही परिणामांवरील अट एकच आहे. वर्षभर तो त्यांच्या लक्षात आला नाही. यात त्यांचे न्यून काहीच नाही. तत्त्व अजून तयार व्हावयाचे होते इतकाच याचा अर्थ. पिएर यांचे सममितीवरील स्वतंत्र लेखन १८८४ पासून पुढचे आहे आणि भौतिक घटनांतील सममितीवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १८९४ चा. दाबविद्युतीचे व्यापक गणिती शास्त्र तर फोक्ट यांनी १८९० मध्ये मांडले. सर्वसाधारण स्फटिकासाठी अठरा स्थिरांक आणि क्वार्ट्झसारख्या स्फटिकासाठी त्यांपैकी केवळ दोन स्वतंत्र, हा हिशेब तेव्हापासूनचा.

अर्थात उलट टोकाला जाऊन सममितीला या शोधकथेतून हद्दपार करणेही चुकीचे ठरेल. दाबाने विद्युत निर्माण होते असे क्यूरी बंधूंच्या कितीतरी आधी आउई या स्फटिकशास्त्रज्ञाने नोंदविले होते. बोटांत दाबलेला कॅल्साइटचा तुकडा विद्युत्‌ भारित होतो असे त्यास आढळले. पण कॅल्साइटला सममिती-केंद्र आहे आणि तेथे दिसलेली विद्युत ही स्पर्शाने अथवा घर्षणाने येणारी होती. या गोंधळातून बंधूंना वाचविले ते अर्धफलकीयतेच्या भानाने. कोणत्या दिशेने स्फटिक कापावा, कोणत्या अक्षावर दाब द्यावा आणि भार कोठे शोधावा, हे त्यांना फलकांच्या रचनेवरून ठरविता आले. सममिती हे त्यांचे होकायंत्र होते, प्रवासाचे कारण नव्हे. मेरी क्यूरी यांच्या विधानात हे दोन्ही एकत्र झाले आहेत.

यादीतील साखरेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण स्फटिकांच्या लोकप्रिय वर्णनांत दाबाने निघणारी विद्युत आणि फोडताना निघणारा प्रकाश यांची सर्रास गल्लत होते. कठीण साखर अंधारात सुरीने खरवडली असता चमकते, हे फ्रान्सिस बेकन यांनी १६२० च्या ‘नोव्हम ऑर्गॅनम’मध्ये नोंदविले आहे. डोळे काळोखाला सरावल्यावर खडीसाखरेचे खडे फोडून हा अनुभव कोणालाही घेता येतो. खडा तडकताना दुभंगलेल्या पृष्ठभागांवर विरुद्ध भार साठतात, त्यांच्यामधील हवेत सूक्ष्म विसर्ग होतो आणि हवेतील नायट्रोजन प्रकाशतो. त्याचा बराचसा प्रकाश अतिनील असल्याने डोळ्यांस अगदी थोडा दिसतो. साखर दाबविद्युतीय आहे, तेव्हा दोन्ही गुण एकाच मुळाचे आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सममिती-केंद्र असलेले काही स्फटिकही फुटताना चमकतात. तेथे अशुद्धी, रचनेतील दोष अशी निराळी कारणे पुढे करावी लागतात. येथेही सममितीचा आधार घेऊन सरळ अनुमान काढणारा फसतो.

विधानामागील प्रयोजन

ज्या लेखिकेने मोजमापाच्या काटेकोरपणावर आयुष्य वेचले, तिच्याकडून शोधाचा केंद्रबिंदू असा का सरकला? दोन कारणे संभवतात.

पहिले कारण काळाचे आहे. १८८० मध्ये लेखिका वॉर्सा शहरात शिकत होत्या. त्यांचे वय बारा वर्षांचे होते. शोधाच्या त्या साक्षीदार नव्हत्या. पिएर यांची व त्यांची भेट झाली ती १८९४ च्या वसंतात, म्हणजे नेमकी ज्या वर्षी पिएर यांचा सममितीवरील निबंध प्रसिद्ध झाला त्या वर्षी. त्यांना भेटलेला मनुष्य सममितीचा तत्त्वज्ञ होता. त्याने आपल्या तारुण्यातील शोधाकडे मागे वळून पाहिले असेल, तर ते या नव्या तत्त्वाच्या उजेडात पाहिले असणार. स्वतःच्या पूर्वायुष्यात सुसंगती पाहणे हे सर्वच मननशील माणसांचे लक्षण आहे. चरित्रलेखिकेने ही सुसंगती इमानाने उतरवून घेतली. त्यामुळे या प्रकरणात १८८० च्या पिएरच्या तोंडी १८९४ चा पिएर बोलतो आणि बोलण्यातून झाक हळूहळू मागे सरतात. फ्रीदेल यांच्या प्रयोगशाळेतील खनिजांची जाण आणि तापविद्युतीचा धागा हा झाक यांच्या बाजूने आला असण्याची शक्यता अधिक. सममितीचे चिंतन मात्र पुढे पिएर यांच्या नावावर जमा झाले. शोधाचे मूळ सममितीत ठेवले की तो शोध आपोआप पिएर यांच्याकडे कलतो. हा परिणाम लेखिकेला अभिप्रेत होता असे नाही, पण ग्रंथात तो घडला आहे. १८८३ मध्ये झाक माँपेलिये येथे गेले आणि बंधूंचे एकत्र संशोधन थांबले. त्या विरहाची जाणीव ग्रंथात आहे, ती जिव्हाळ्याने व्यक्त झाली आहे. बौद्धिक वाटणीचा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

दुसरे कारण ग्रंथाच्या जन्मकथेत आहे. अमेरिकी संपादिका श्रीमती मेलोनी यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी वर्गणी जमवून सुमारे एक लाख डॉलर किमतीचे एक ग्रॅम रेडियम मेरी क्यूरी यांना दिले. ते १९२१ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते वॉशिंग्टन येथे अर्पण झाले. ‘पिएर क्यूरी’ हा ग्रंथ त्या दौऱ्यानंतरचा असून त्याची प्रस्तावना श्रीमती मेलोनी यांचीच आहे. प्रयोगशाळेअभावी पिएर यांची झालेली कुचंबणा हा या ग्रंथाचा स्थायीभाव म्हणता येईल. अखेरचे प्रकरण तर प्रयोगशाळांची उघड कैफियतच आहे. या संदर्भात दाबविद्युतीच्या प्रकरणाचा शेवट पाहावा. क्वार्ट्झच्या कंपनांनी पाण्यात उच्च कंप्रतेच्या लहरी सोडून अडथळे हुडकण्याच्या तंत्राचा उल्लेख लेखिका तेथे करतात. पिएर यांचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या शोधासाठी हे तंत्र विकसित केले होते. शुद्ध चिंतनातून निघालेला शोध अनपेक्षित दिशेने उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण असल्याचे त्या सांगतात. युद्धोत्तर फ्रान्समध्ये मूलभूत संशोधनासाठी द्रव्य मागणाऱ्या संस्थाचालिकेला हे उदाहरण किती मोलाचे होते, हे सांगावयास नको. मात्र उदाहरण पूर्ण होण्यासाठी त्याचा आरंभ शुद्ध चिंतनात असावा लागतो. तापविद्युतीच्या एका चुकलेल्या निरीक्षणात तो असून चालत नाही.

असे असले तरी तिची बाजू मांडण्यासाठी मेरी क्यूरी यांना ही सुबक कथा आवश्यक नव्हती. अपुऱ्या साधनांनी, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, चालू वादाच्या ओघात दोन तरुण साहाय्यकांनी लावलेला शोध हे मूलभूत संशोधनाचे अधिक खरे आणि अधिक बळकट समर्थन ठरले असते. अध्यापनातही हा फरक महत्त्वाचा आहे. तत्त्वातून निष्कर्ष आणि निष्कर्षातून प्रयोग अशी उतरंड लावून शिकविल्यास विद्यार्थ्याला आपले चुकलेले गृहीतक निरुपयोगी वाटते. पदवीच्या वर्गात चरित्रातील हे प्रकरण आणि १८८० चे टिपण शेजारी शेजारी ठेवून वाचणे कठीण नाही. टिपण मोजक्याच पानांचे आहे.

साक्षीदाराचे मौन

ग्रंथाची याहून अधिक विचार करावयास लावणारी बाजू निराळीच आहे. ज्या शोधाच्या लेखिका साक्षीदार नव्हत्या त्याविषयी त्या ठामपणे लिहितात. ज्या स्फटिकाचा उपयोग त्यांच्याइतका दुसऱ्या कोणीही केला नाही, त्याच्याविषयी मात्र त्या जवळजवळ गप्प आहेत.

क्यूरी बंधूंनी क्वार्ट्झपासून एक मापनयंत्र तयार केले होते. क्वार्ट्झची लांब व पातळ पट्टी विशिष्ट दिशेने कापून तिला खाली वजन टांगावयाचे. ताणाच्या दिशेला आडव्या असलेल्या पृष्ठभागांवर येणारा भार हा पट्टीची लांबी आणि जाडी यांच्या गुणोत्तराने वाढतो, असे त्यांनी आधीच शोधून काढले होते. पट्टीची लांबी जाडीच्या शंभरपट असेल आणि तिला एक किलोग्रॅम वजन टांगले, तर उदाहरणादाखल सुमारे २,२५० पिकोकुलोम इतका भार मिळेल. युरेनियमच्या किरणांमुळे हवेत वाहणारा क्षीण प्रवाह मोजण्यासाठी मेरी क्यूरी यांनी १८९८ मध्ये हीच युक्ती वापरली. किरणांनी आणलेला भार क्वार्ट्झच्या उलट्या भाराने क्षणोक्षणी तोलावयाचा, विद्युत्‌मापकावरील प्रकाशाचा ठिपका शून्यावर स्थिर ठेवावयाचा आणि पूर्ण वजन पट्टीवर येण्यास किती सेकंद लागले ते पाहावयाचे. वजन एकदम सोडून चालत नाही. ते हाताने पेलून धरावे लागते आणि ठिपक्यावर नजर ठेवून इंचाइंचाने सैल करावे लागते. दुसऱ्या हातात कालमापक असतो. वरील काल्पनिक पट्टीवर धातुरूप युरेनियमच्या २४ पिकोअँपियर प्रवाहासाठी हे काम सुमारे चौऱ्याण्णव सेकंद चालले असते. योहानगेऑर्गेनस्टाटच्या पिचब्लेंडच्या ८३ पिकोअँपियरसाठी सुमारे सत्तावीस सेकंद. १२ एप्रिल १८९८ च्या त्यांच्या टिपणातील प्रवाहांचे हेच दोन आकडे, २४ आणि ८३, निर्णायक ठरले. खनिज स्वतः युरेनियमपेक्षा साडेतीनपट सक्रिय असेल, तर त्यात अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे.

या हस्तकौशल्याचे वर्णन ‘पिएर क्यूरी’मध्ये नाही. क्वार्ट्झचा उल्लेख येतो तो ओझरता, उपकरणांच्या नावांपुरता. याउलट रात्रीच्या अंधारात शेडमध्ये जाऊन रेडियमच्या बाटल्यांची मंद प्रभा पाहण्याचा प्रसंग लेखिकेने मनापासून रंगविला आहे आणि आत्मचरित्रात्मक टिपणांत त्या प्रकाशाला परीकथेतील दिव्यांची झळाळी दिली आहे. ग्रंथाची संयत, जवळजवळ कोरडी शैली तेवढ्याच ठिकाणी ओलावते. प्रकाशणारे द्रव्य लेखणीला सुचते, मोजणारा दगड सुचत नाही, असा हा भेद आहे. पुढील चरित्रकारांनी व चित्रपटकारांनी साहजिकच प्रकाश उचलला. त्यामुळे मेरी क्यूरी यांची जी प्रतिमा जनमानसात स्थिरावली ती ढवळणाऱ्या, उकळणाऱ्या, निळसर उजेडात उभ्या असलेल्या स्त्रीची. सेकंद मोजीत वजन पेलणारी, बोटांच्या स्नायूंनी पिकोअँपियर तोलणारी प्रयोगकर्ती त्या प्रतिमेत नाही आणि ती तेथे नसण्यास त्यांचा स्वतःचा ग्रंथ काही अंशी जबाबदार आहे. स्वतःविषयी न बोलण्याचा त्यांचा संकोच सर्वश्रुत होता. चरित्र पतीचे आहे, ही मर्यादा त्यांनी कसोशीने पाळली. परंतु त्या संकोचापायी हरवले ते केवळ त्यांचे श्रेय नव्हे. १८८० मधील एका तापविद्युतीच्या प्रश्नापासून १८९८ मधील पोलोनियम व रेडियमपर्यंत जाणारा सलग धागा त्या क्वार्ट्झच्या पट्टीतून जातो. तो ज्यांना आतून माहीत होता, अशा व्यक्तींपैकी ग्रंथ लिहावयास बसलेल्या त्या एकट्याच होत्या.

१२ एप्रिल १८९८ चे ते टिपण अकादमीपुढे त्यांना स्वतः वाचता आले नाही, कारण क्यूरी पतिपत्नींपैकी तेव्हा कोणीही अकादमीचे सदस्य नव्हते. ते मांडले गाब्रिएल लिपमान यांनी. सतरा वर्षांपूर्वी याच स्फटिकाचा उलटा परिणाम कागदावर काढून दाखविणारे लिपमान तेच.